चार कंटेनरची एक घडी

सोमवार, ३ मार्च
घडीचे चार कंटेनर बंदरातल्या आपल्या यार्डात आले. कल्पना माझी. रिकामे कंटेनर परत पाठवताना आपण जहाजभर नुसती हवा वाहतो. भिंती आत दुमडल्या की चारांना एकाची जागा पुरते. साहेबांना पटलं. महिनाअखेर मोठ्या साहेबांपुढे डेमो. मग मुख्य ऑफिसातली खुर्ची माझीच. बायकोला सांगूनही टाकलं.

गुरुवार, ६ मार्च
पहिली घडी. माहितीपत्रकात दोन माणसं, दहा मिनिटं. आपल्याकडे पाच माणसं, दोन फोर्कलिफ्ट आणि मधे जेवणाची सुट्टी. हात बसेल. फोर्कलिफ्टवाला म्हणे, उभाच उचलला असता तर एव्हाना घरी पोचलो असतो. दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

रविवार, ९ मार्च
जेवताना बायकोला योजना समजावली. तिने विचारलं, "घडी घालायला पाच माणसं, उलगडायला पाच माणसं, मग वाचलं काय?" मी म्हटलं, जागा. तिने पलंगाखालच्या माझ्या घडीच्या ट्रेडमिलकडे पाहिलं. आणल्यापासून ती उलगडायची राहून गेली आहे. मी विषय बदलला.

शुक्रवार, १४ मार्च
बिजागरीत माती. एक दार लागत नाही. बाकी उत्तम.

गुरुवार, २७ मार्च
चारही घड्या एकावर एक बांधल्या. अगदी एका कंटेनरएवढा गठ्ठा. छाप पडावी म्हणून रिकाम्यांच्या रांगेतच ठेवायला लावला. क्रेनवाला म्हणाला, लांबून साधा रिकामाच वाटतो. अंगावर मूठभर मांस चढलं.

शुक्रवार, २८ मार्च. सकाळ
नवा शर्ट. साहेबांना म्हटलं, निश्चिंत राहा.

दुपार
गठ्ठा जागेवर नाही. क्रेनवाल्याने बाकी रिकाम्यांबरोबर तोही जहाजावर चढवला, आणि जहाज पहाटेच सुटलं. त्याला जाब विचारला, तर म्हणाला, "एका खोक्याएवढा होता, एका खोक्याच्या जागी ठेवला." मोठे साहेब त्या मोकळ्या जागेकडे बघत होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, बघा सर, किती जागा वाचली. मोठे साहेब गाडीत जाऊन बसले. फार वाईट वाटलं.

सोमवार, ३१ मार्च
खुर्ची मिळाली. यार्डाच्या टोकाला, जुन्या कंटेनरमध्ये. याची घडी होत नाही. काम, रिकामे कंटेनर मोजणं. एकांतात विचार छान होतो. बायकोला सांगितलं, स्वतंत्र केबिन दिली. तिने विचारलं, आत जागा आहे का. मी अभिमानाने म्हटलं, भरपूर.

"मग ट्रेडमिल तिकडे घेऊन जा," ती म्हणाली.