अंगी लागेना

११ नोव्हेंबर

झाले एकदाची रुजू! पशुधन पर्यवेक्षक ऋतुजा, पशुवैद्यकीय दवाखाना, बोरखडी वस्ती. दिंद्रुडला एसटीतून उतरले आणि पुढे वडापच्या जीपमध्ये ज्वारीच्या पोत्याशेजारी बसून आले. पोतं कुठलं आणि मॅडम कुठल्या, अशा नजरेनं ड्रायव्हर बघत होता. बघू दे. मी पहिल्यापासूनच भरलेली आहे आणि मला त्याची लाज नाही. आई म्हणते, बाप गेल्यावर तिला मला खाऊ घालण्यापलीकडे काही सुचलंच नाही. बीडला आम्ही दोघीच. आज पहिल्यांदाच एकमेकींपासून लांब झोपणार.

पुढे दवाखाना, मागं माझी खोली, खोलीला ओटा आणि समोर कडुनिंब. मला आवडलं. वस्ती मात्र निम्मी रिकामी आहे. दिवाळी झाली की इथली माणसं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. राहिलीत ती म्हातारी माणसं आणि मेंढरं राखणारी दोन-चार घरं. शेजारी बंकटमामा आणि साखराबाई राहतात. त्यांची मेंढरं आहेत आणि दारात हौशी नावाची देवणी गाय.

एक गोष्ट खटकली. ओळख करून घ्यायला गेले तर दोघं जेवत होती, दार लावून. हाक मारून दार ढकललं, तर साखराबाईंनी पदराखाली ताट झाकलं आणि माझ्याकडे पाठ केली. आमच्याकडे रस्त्यानं परका माणूस चालला असला तरी तोंडातला घास सांभाळत आपण म्हणतो, या जेवायला. तो म्हणतो, होऊ द्या, जेवा निवांत. तो जेवायला येणार नसतो हे दोघांनाही माहीत असतं, पण म्हणायचं असतं. इथं ती रीत नाही वाटतं. मग संध्याकाळी माझ्या ओट्यावर झाकून ठेवलेली भाकरी आणि पिठलं सापडलं. ठेवून गेल्या, हाकही मारली नाही. पिठलं फक्कड होतं, शिष्टाचाराच्या नावानं मात्र शंख.

१४ नोव्हेंबर

हौशीला तपासलं. जनावर नव्हे, चार पायांवर टाकलेलं कातडं. बरगड्या मोजून घ्याव्यात, पाठीचा कणा वर आलेला, डोळे आत गेलेले. आणि खाते किती! माझ्यासमोर कडब्याची पेंढी संपवून दुसरीकडे तोंड घातलं. बंकटमामा म्हणाले, "खाती लई मॅडम, दोन बैलांचं खाती. पर अंगी लागत न्हाई."

रोडावणाऱ्या जनावराचं मला तोंडपाठ आहे. जंत, दात, यकृत, क्षय, आणि आतड्याचा तो एक चिवट रोग, ज्यात जनावर खात खात वाळतं. दात बघितले, पापणी ओढून बघितली. शेणाचा नमुना घेतला, जंताचं औषध पाजलं, टॉनिक दिलं. मामांच्या चेहऱ्यावर आशा काही दिसली नाही. हे सगळं त्यांनी आधी करून झालंय म्हणे.

१७ नोव्हेंबर

रविवार. औषधाचा हौशीवर ढिम्म परिणाम नाही.

सकाळपासून माझ्याशी कुणी एक शब्द बोललेलं नाही. मामा मेंढरांमागं गेलेत, आईचा फोन लागत नाही, रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. इतकी शांतता मला सोसत नाही. मला बोलायला माणूस लागतं, मिठासारखं.

भर दुपारी ओट्यावर ताट घेऊन बसले. येसर आमटी, भाकरी, कांदा. निंबाखाली कुणीतरी उभं होतं, एवढ्या उन्हात डोक्यावरून घोंगडी घेऊन. मेंढक्या असेल. सवयीनं म्हणाले, या जेवायला. खरं तर मनापासून म्हणाले, आला असता तर वाढलंही असतं.

होऊ द्या, असं काही आलं नाही. घास घेऊन वर बघितलं तर निंबाखाली कुणीच नव्हतं. लाजला असेल बापडा. आज आमटी दोनदा वाढून घेतली तरी पोट भरल्यासारखं वाटेना. गावरान हवा!

२२ नोव्हेंबर

माझी पहिली केस बरी होतेय! हौशीनं कात टाकलीय. डोळ्यांत तेज आलंय, कातडी तुकतुकीत दिसतेय. शेणाचा अहवाल स्वच्छ आला, म्हणजे नेमका रोग काय होता ते मलाही माहीत नाही, पण गुण आला तो आला. फुशारकी मारायला टेकाडावर चढून आईला फोन केला. ती म्हणाली, गाईचं सोड, तू जेवतेस का?

जेवतेय की. दोघींचं जेवतेय.

साखराबाई तांब्याभर दूध घेऊन आल्या आणि एकदम माझ्या पायाच पडल्या. रडत होत्या. मी म्हटलं अहो, औषध सरकारी आहे, माझं काय त्यात. त्यांनी वर बघितलंच नाही. दूध ओट्यावर ठेवून निघून गेल्या. बसा म्हटलं, बसल्या नाहीत.

१ डिसेंबर

हिरव्या बांगड्या आईनं साबण लावून चढवल्या होत्या. आज भांडी घासताना दोन्ही हातांतल्या आपोआप उतरून पाण्यात पडल्या.

आधी हसू आलं. दहा वर्षं डाएटचे सल्ले ऐकले आणि इथं फुकटात झालं! मग ड्रेस घातला तर तो खुंटीला टांगल्यासारखा दिसला. आरशात स्वतःचे दात बघितले, जनावराचे बघते तसे. पापणी ओढली, पांढरी फटक. खाण्यात कमी नाही, उलट भाकरी थापता थापता हात दुखतात. चव लागते, घास गिळल्याचं कळतं, पण पोटात काही पोचत नाही. घास मध्येच कुणी काढून घ्यावा तसं होतंय.

आणि एक वेडगळ गोष्ट. जेवायला बसले की मी एकटी नसते. म्हणजे असतेच एकटी. पण चटईची दुसरी बाजू दबल्यासारखी वाटते. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला ते बरं वाटलं.

९ डिसेंबर

माजलगावला जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. साखर, थायरॉईड, थुंकी, छातीचा फोटो. काही नाही. डॉक्टर म्हणाले, एकट्या राहता, मनाला लावून घेता, लग्न करा. गायीला हे सांगता येत नाही एवढाच फरक.

बाहेर खानावळीत थाळी मागवली. पोऱ्यानं दोन ताटं मांडली. म्हटलं, मी एकटीच आहे. त्यानं माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एक ताट उचललं. पाण्याचा दुसरा पेला राहिला. मी उठले तेव्हा तो रिकामा होता.

मी त्याला हात लावला नव्हता.

बीडला घरी जावं असं फार वाटलं. आई बघून घाबरेल म्हणून परत फिरले. दुपारच्या जीपमध्ये माझ्याशेजारी जागा असून कुणी बसलं नाही.

१३ डिसेंबर

आज साखराबाईंना दारात अडवलं. म्हटलं, तुम्ही मला खायला आणून देता, पण माझ्यासमोर एक घास खात नाही. का ते सांगितल्याशिवाय जाऊ देणार नाही.

त्या खालीच बसल्या. बोलल्या ते असं. त्यांच्या सासूनं, मनकर्णाबाईंनी, दोन वर्षांमागं भर दुपारी कुणाला तरी या जेवायला म्हटलं. ते आलं. "एकदा आलं की जात न्हाई मॅडम, दुसऱ्या कुणी जेवाया बोलवल्याबिगर." म्हातारी खात खात वाळून गेली. ती मेल्यावर दुसऱ्या कुणी बोलावलं नाही, म्हणून ते दारातल्या हौशीच्या दावणीपाशी थांबलं आणि तिचं खाऊ लागलं. म्हणून वस्तीत कुणी कुणाला जेवायला बोलवत नाही. म्हणून दारं लावून, पाठ करून जेवतात.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. "सांगाया दोनदा आलते. पर तुमी त्याला बोलवलं, आन त्याच दिशी हौशीनं खाल्लं ते तिच्या पोटात गेलं. मला दिसलं. मंग माजं तोंडच उघडंना."

मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्या ऐकून उठल्या. गेल्यावर मला वाटलं, मी तरी काय केलं असतं? राग आहे, फार आहे, पण तो धरून ठेवायलाही अंगात ताकद लागते.

शिकलेली बाई मी. पण दुसरं कुठलं निदान या लक्षणांना बसत नाही.

१६ डिसेंबर

साखराबाईंनीच सुचवलं. नारायणगडावर जा, तिथं पंगती उठतात, अनोळखी गर्दीत कुणीतरी जेवा म्हणंल, ते तिथंच राहील. कुणाकडं राहिलं ते आपल्याला कळणार पण नाही.

गेले. खोटं कशाला लिहू, गेले.

पंगतीच्या कडेला उभी राहिले. एका म्हाताऱ्या बाबांनी माझ्याकडे बघितलं. तोंडात दात नाही, अंगात मळका सदरा. सरकून जागा केली, हातानं जमीन झाडली. काय झालं गं लेकरा, किती वाळलीस, म्हणाले. आणि पुढचं म्हणायला तोंड उघडलं.

मी कानांवर हात ठेवून पळाले. पायऱ्यांवर दोनदा पडले. मागून ते हाका मारत होते, त्यांना वाटलं असेल पोरीला काही लागलं.

आता हे माझं आहे. माझ्यापाशीच राहू दे.

२१ डिसेंबर

टेकाडावर चढायला अर्धी सकाळ गेली. आईशी बोलायचंच होतं. "कावून गं आवाज असा खोल येतोय? मी येते," म्हणाली. नको म्हटलं. कामं आहेत, साहेब येणार आहेत, मीच सुट्टी काढून येते. एकामागून एक खोटं. तिला कळत होतं.

आई आली तर पहिलं काय म्हणेल? दुसरं काही नाहीच म्हणणार ती. जन्मभर तेच म्हणत आलीय.

म्हणून तिनं यायचं नाही. एवढं एकच मला राखायचंय.

फोन ठेवल्यावर फार रडू आलं. आईच्या हातचं खावं, तिच्या कुशीत झोपावं, एवढंच वाटतंय. शेजारी ते आहे. खरं सांगू का, आता तेवढीच सोबत आहे.

२५ डिसेंबर

दवाखाना उघडला नाही. उठून बसले की डोळ्यांपुढं अंधारी येते.

खायचं थांबवून बघितलं. मी थांबले तरी ते थांबत नाही. आता दंडाकडे बघवत नाही —

बंकटमामा खिडकीशी येऊन उभे राहिले. हौशी गाभण राहिली म्हणाले. मान खाली घालून म्हणाले.

२८ डिसेंबर

साखराबाईंना सांगितलंय — आई आलीच तर थांब्यावरच अडवा. सगळं सांगा. परत पाठवा. त्यांनी ऊसतोडीला गेलेल्या लेकराची शपथ घेतली.

त्या बऱ्या आहेत. वाईट नाहीत.

आज त्याचा घास चावल्याचा आवाज आला. ताट रिकामं होतं. मग काय चावत —

३० डिसेंबर

जीपचा आवाज. आईचा आवाज. साखराबाई मेंढरांकडं गेल्यात — आई कळवून येईल असं वाटलं होतं —

दाराला आतून कडी आहे. ती दार वाजवतेय. ऋतू, ए ऋतू. ओरडायला गेले तर नुसती हवा येते. दारापर्यंत चालवत नाही, सरकता येईल. एवढं लिहून हे पान फाडते आणि फटीतून बाहेर सरकवते.

आई, वाच. आधी वाच. बोलू नकोस. मला जेवायला बोलावू नकोस. माझी शपथ. परत जा. साखराबाईंना भेट, त्या सांगतील. मी रागावलेली नाही तुझ्यावर, मला तू हवी आहेस, फार हवी आहेस, म्हणूनच —

खाली बसली ती. ओट्यावरच. डबा उघडल्याचा आवाज आला. धपाट्यांचा वास — आई, थांब, लिहितेय, हात चालत नाही —

"बरं, नको उघडू दार. मी हितंच बसते. तुझ्यासाठी आणलंय सगळं. ये गं बाई, ये जेवाया."

चटई —

शेजारची चटई हलकी झाली. ते उठलं. दाराकडं —

आई, डबा टाकून दे. आई पळ —

आणि मला — किती दिवसांनी — पोटात ऊब — पोट भरल्यासारखं —

नको, आई, नको, एक घासही घेऊ न —