आत्यांच्या घरचा नाताळ

आई, यंदाच्या नाताळला मी गोराईला जाऊन आले. तुझ्या जावयाच्या आत्यांच्या घरी. तू असतीस तर एवढं ऐकूनच हातातलं काम खाली ठेवलं असतंस आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली असतीस. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आमचं रजिस्टर लग्न झालं त्या आठवड्यातली तू मला अजून दिसतेस. प्रसूतिगृहातली ड्युटी संपवून तू दुपारी घरी आलीस, पाय धुतलेस आणि तशीच ओट्याशी उभी राहिलीस. रवा भाजलास, गूळ किसलास, संध्याकाळपर्यंत सांजोऱ्या तळल्यास. मी म्हटलं, "अगं, मिठाई घेऊन जाऊ की बाहेरून." तर म्हणालीस, "लेकीच्या सासरी पहिल्यांदा जायचं, आणि हलवायाच्या हातचं न्यायचं?" दुसऱ्या दिवशी तू पांढरी साडी नेसलीस, विहारात जाताना नेसायचीस ती, आणि डबा मांडीवर घेऊन गोराईच्या बोटीत बसलीस. तुझ्या जावयाची आई तो लहान असतानाच गेलेली. आत्यांनीच त्याला वाढवलेलं, त्यामुळे सासर म्हणजे आत्यांचंच घर. त्यांनी आपल्याला ओटीवर बसवलं. चहा दिला. मग अगदी साधेपणाने विचारलं, "तुम्ही कोणापैकी?" तू कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, "आम्ही बौद्ध. मूळचे परभणीकडचे." त्या "बरं" म्हणाल्या. त्यानंतर घरात या असं काही कोणी म्हणालं नाही.

तिसऱ्या दिवशी तुझा जावई डबा घेऊन परत आला. तू बांधलेली फडक्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. मी त्याच्यावर किती ओरडले! तो भिंतीला टेकून उभा होता. तू मात्र मलाच झापलंस. "त्याला कशाला बोलतेस गं? वाटेत खाडीत टाकून 'सगळ्यांनी खाल्लं' असं सांगणं सोपं होतं त्याला. त्याने खरं ते आणून दाखवलं. असा माणूस सांभाळून ठेव." मग तू सांजोऱ्या एका पातेल्यात काढल्यास आणि दुसऱ्या दिवशी कामावर घेऊन गेलीस. प्रसूतिगृहातल्या बायांनी त्या खाल्ल्या. तीस वर्षं तू तिथे आया होतीस. कांदिवलीतल्या कितीतरी घरांतल्या बाळांना पहिली अंघोळ तू घातलीस. त्या हाताला कोणी कधी जात विचारली नव्हती. हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस. माझ्याच डोक्यात ते फिरत राहायचं.

त्यानंतर मी गोराईला गेले नाही. तू पुढे तीन वर्षं होतीस, मग गेलीस, त्यालाही आता आठ वर्षं झाली. तो दर नाताळला एकटा जायचा. आत्यांना कसा सोडणार? सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा, मी दाराशी "जपून जा" म्हणायचे आणि मग दिवसभर कपाटं आवरत बसायचे. संध्याकाळी तो यायचा तेव्हा दोघंही टीव्हीकडे बघत जेवायचो. सणाचा दिवस कसा संपतो याचीच वाट बघायची, असं झालं होतं आमचं.

यंदा डिसेंबरच्या सुरुवातीला आत्यांचा फोन आला. त्यांची सून जवळच राहते, तिने लावून दिला. तो बोलून आला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. "आत्या म्हणतेय, तिला घेऊन ये."

"अकरा वर्षांनी?"

"हो, अकरा वर्षांनी. मीही आत्याला तेच विचारलं." जरा थांबून म्हणाला, "हे बघ, मी तुला चल म्हणणार नाही. पण यापुढे मी एकटाही जाणार नाही. जायचं तर दोघांनी, नाही तर दोघंही घरी."

मी तीन दिवस उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी म्हटलं, जाऊ. पण त्या घरात पुन्हा तसं काही झालं, तर मी त्याच पावली निघेन. तो म्हणाला, "मी स्कूटर चालूच ठेवतो." मला हसू आलं, आणि ते त्याने पाहिलं.

नाताळच्या सकाळी आम्ही स्कूटरसकट बोटीत चढलो. ओहोटी होती, चिखलात बगळे उभे होते. बोटीत सगळे नटलेले, कुणाच्या मांडीवर केकचा खोका. मी मुठी आवळून बसले होते. आणि तिथे मी त्याला एक गोष्ट सांगून टाकली. इतकी वर्षं मी त्याला सांगत आले होते की आईने मला गोराईला पाय ठेवू नकोस असं बजावलंय. तू असं कधीच म्हणाली नव्हतीस. उलट हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तू म्हणालीस, "जात जा गं त्याच्याबरोबर. एकटा जातो बिचारा." मी ते त्याला सांगितलंच नाही. मला भीती वाटत होती आणि ती मी तुझ्या नावावर खपवली. पाण्याकडे बघत तो म्हणाला, "मला कळायला हवं होतं. तुझी आई कुणाला असं अडवणाऱ्यातली नव्हती." एवढंच. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

आत्या आता पंच्याहत्तरीच्या आहेत. गुडघे गेलेत, बोटं वाकलीत. दारात खुर्ची टाकून वाटच बघत होत्या. "आयलीस? ये, आत ये," म्हणाल्या आणि माझं मनगट धरून मला ओटीवरून थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. खरं तर माझ्या आधाराने त्या चालत होत्या, पण ओढत त्याच होत्या. त्यांची सून चुलीवर तेल तापवत होती. ताडी घालून फुगवलेलं मैद्याचं पीठ मोठ्या पातेल्यात वर आलं होतं. जेवणाबरोबर खायचे त्यांचे गोल फुगे करायचे होते. आत्या म्हणाल्या, "माझ्याच्याने आता मुठीत पीठ धरवत नाही. हात धू आणि तेलात सोड तू."

मी हलले नाही. आई, मी ठरवून काही बोलले नाही, तोंडून निघून गेलं. "माझा हात चालेल?"

सुनेने झारा तसाच धरला. तुझा जावई दारात उभा होता. आत्या तिथल्या खुर्चीत बसल्या, श्वास घेतला आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "तेव्हा नाही चालला. तुझ्या आयच्या हातचं तर मी उघडूनही बघितलं नाही. माझं चुकलं. पाप केलं मी."

मला वाटलं होतं, असं कोणी म्हटलं की आपल्याला रडू येईल. आला तो राग. मी म्हटलं, "आत्या, हे तिला सांगायला हवं होतं. त्यानंतर तीन वर्षं होती ती. पलीकडेच, कांदिवलीत."

"होती," त्या म्हणाल्या. "माहीत होतं मला. लाज वाटली. मग ती गेल्याचं कळलं, तेव्हा आणखी लाज वाटली. आज तुला सांगते. तू ऐकून घेतलंस तर घे. नाही तर नको घेऊ, तरी जेवल्याशिवाय जाऊ नको."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, हात जोडले नाहीत, वयाची किंवा दुखण्याची सबब सांगितली नाही. त्यामुळेच असेल, मी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, तू बाळ घ्यायच्या आधी धुवायचीस तसे, आणि पिठात हात घातला.

ते पीठ चिकट, गार आणि जिवंत असल्यासारखं असतं. मुठीत धरायचं, अंगठा आणि बोटामधून गोळा वर काढायचा आणि अलगद तेलात सोडायचा. माझ्या पहिल्या दहाबारा फुग्यांना लांब शेपट्या आल्या. आत्या खुर्चीतून ओरडल्या, "अगं, काय करतेस! बेडकाची पिल्लं सोडलीस की तेलात! अंगठा दाब, अंगठा!" सून इतकी हसली की तिला झारा खाली ठेवावा लागला. त्या घरात मला पहिल्यांदा कोणीतरी ओरडलं, अगदी घरच्यासारखं. शेपटीवाल्यातला एक गरम फुगा आत्यांनी उचलला, फुंकर मारली आणि खाल्ला. "चव बरोबर आहे," म्हणाल्या, "आता आकाराचं बघ."

मग जेवायला पंधराएक माणसं झाली. शेजारच्या बाया येऊन बघून गेल्या. एकीने विचारलं, "ही कोण?" तर आत्या म्हणाल्या, "माझी मोठी सून. उशिरा आली." मी फुगे वाढत होते, कोणी मटणाचा रस्सा वाढत होतं, तुझा जावई तिसऱ्यांदा ताट पुढे करत होता. इतक्या वर्षांत मी त्याला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

सगळं मिटलं असं मी म्हणत नाही. माफ केलं का, हे मला अजून माहीत नाही, आणि आत्यांनी विचारलंही नाही. पण ईस्टरला येते असं मी सांगून आले आहे. त्याने नव्हे, मी सांगितलं.

हे पत्र घेऊन कुठे जाणार, ते माझ्या टेबलातच राहील. पण एक सांगायचं राहिलं, आणि तेच लिहायला बसले होते बहुतेक. त्या दुपारी जेवायला बसल्यापासून उन्हं उतरेपर्यंत मला तुझी आठवण आली नाही. एकदाही नाही. परतताना बोटीत ते लक्षात आलं, आणि खरं सांगते आई, मला त्याचं वाईट वाटलं नाही.