खरवडलेली खुर्ची

बुधवार, १२ नोव्हेंबर १९७५
मंगळवार पेठ

अंगोलाही सुटला. पोर्तुगालच्या साम्राज्यात आता उरलं काय? सकाळीच रविवारच्या अंकाचं व्यंगचित्र काढलं. छातीभर पदकं लावलेला म्हातारा सम्राट, दारातून एकेक वसाहत गाठोडं घेऊन चाललेली, आणि हा खुर्चीचे हात घट्ट धरून बसलाय. बऱ्याच दिवसांनी रेघ मनासारखी आली होती.

मग त्या खुर्चीकडेच बघत बसलो. आणीबाणीच्या दिवसांत खुर्चीला चिकटलेला माणूस. कुणी म्हणालं, ही खुर्ची लिस्बनची नाही, दिल्लीची, तर? आमचा बातमीदार जुलैपासून कळंब्याच्या तुरुंगात आहे. त्यानं तर नुसती पत्रकं वाटली होती. ब्लेड घेतलं आणि खुर्ची खरवडून काढली. सम्राट अधांतरी, मुठी तशाच आवळलेल्या.

संध्याकाळी चित्र दस्तगीरभाईंकडे नेलं. माझ्या चित्रांचे छपाईचे ब्लॉक वीस वर्षं तेच करतात. म्हणाले, "मास्तर, ह्यो बसलाय कशावर? आन मुठीत तर काय बी न्हाय की." मग कागदावरून अंगठा फिरवला. नेमका तिथंच थांबला.

"हितं खरवडलंय. खुर्ची व्हती व्हय? संपादकांनी काढाय लावली?"

मी हो म्हणालो.

"लई भित्रा हाय की वो तुमचा संपादक."

त्यालाही मी मान हलवली. संपादकांनी ते चित्र अजून पाहिलेलंही नाही.