फुंकणीचा पाठ

गेवराई,
१८ मार्च २०२५

चि. कावेरीस ताईचे आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी बद्रीनाथने आज दुपारी आणून दिली. उद्या सकाळच्या गाडीने तो चौसाळ्याला परत निघतो, त्याच्याच हाती हे उत्तर पाठवते. फोन केला नाही, कारण संगमेश्वरराव दुकानात स्पीकर लावून सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवतात. त्यांना नमस्कार सांग. तुझे गुडघे कसे आहेत? नुसतं तेल चोळत बसू नकोस, रोज चाल. माझी तब्येत चांगली आहे. मेअखेर निवृत्त होते, आणि निरोपाच्या दिवशी कोणी बोलायचं यावरून कॉलेजात आत्तापासून भांडणं लागली आहेत. उन्हाचा ताप वाढलाय. पाणी दोन दिवसांआड येतं.

आता तुझ्या चिठ्ठीबद्दल. तू लिहितेस, "ताई, तुझ्या एका शब्दावर माझ्या पोरीचं सगळं हाय. शुक्रवारपर्यंत प्राचार्यांशी बोल." स्वप्नाली बी.एड.च्या पाठाच्या परीक्षेत पास झाली तर तिला बीडच्या नव्या इंग्रजी शाळेत नोकरी. नाही झाली, तर पाडव्याला शिरूर कासारच्या विश्वेश्वरशी साखरपुडा. बाप म्हणून संगमेश्वररावांचं हे दोन वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं, मला नवीन नाही. पण नापास करणारी मीच आहे, तेव्हा काय झालं ते माझ्याकडून ऐक. पोरीने घरी काय सांगितलं असेल कोण जाणे.

बी.एड.ला माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिचं बोलणं कसं होतं, आठवतं का? 'लई', 'कावून', 'न्हाई'. आणि इंग्रजी त्याहून वाईट. स्कूलच्या आधी 'इ', ऑफिसच्या आधी 'ह'. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, या घरात चौसाळा बोलायचा नाही. जेवताना बोलली की ताट बाजूला सरकवत असे मी. एकदा सकाळचं सरकवलेलं ताट संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. तू म्हणशील, सख्खी मावशी. सख्खी होते म्हणूनच.

उच्चार मी मेणबत्तीवर शिकवते. हैदराबादला पदविका केली तेव्हापासून माझी हीच पद्धत. पेटती मेणबत्ती ओठांसमोर धरायची आणि 'पेन' म्हणायचं. श्वास बाहेर पडला तर ज्योत वाकते. मग 'स्पिन' म्हणायचं, तिथे ज्योत हलता कामा नये. आपल्या पोरी एक तर दोन्हीकडे हलवतात, नाही तर कुठेच नाही. स्वप्नालीला महिना लागला. केसांची बट जळली, ओठाला चटका बसला, पण जमलं. त्या दिवशी हसत हसत मला म्हणाली, "मावशी, आता मला देवघरात कोणी बोलू देणार न्हाई, दिवाच विझंल." मी तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.

परीक्षेचा पाठ जिल्हा परिषद शाळेच्या पाचवीच्या वर्गावर होता. विषय तिला मीच दिला, मुद्दाम अवघड. इंग्रजीतले दोन 'व'. एक दात खालच्या ओठाला टेकवून म्हणायचा, दुसरा ओठ गोल करून. आपल्या कानाला दोन्ही एकच वाटतात. बनियनला वेस्ट म्हणतात आणि पश्चिमेलाही वेस्ट. मराठीत लिहिलं तर फरक दिसत नाही, ऐकला तर कळायला हवा. माझ्या तासात तोंडाचा आडवा छेद फळ्यावर काढतात, बाण दाखवतात आणि सगळं इंग्रजीतून समजावतात. मराठीचा एक शब्द आला की पाठ रद्द. हा नियम विद्यापीठाचा नाही, माझा आहे, आणि माझ्या हाताखालून गेलेला एकही विद्यार्थी तो विसरलेला नाही.

त्या दिवशी बीडच्या शाळेचे अध्यक्ष विजयसिंह आले होते. शिक्षक निवडायला आले होते, मागच्या बाकावर माझ्याशेजारीच बसले.

स्वप्नालीने आकृती काढली. इंग्रजीतून सांगू लागली. पोरं नुसती टकाटका बघत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खडू ठेवला आणि म्हणाली, "चुलीम्होरं फुंकणी धरून फुंकता ना रे? तसे ओठ करा. कोणाच्या घरी फुंकणी न्हाई?" सगळा वर्ग फुंकू लागला. "आता खालचा ओठ दातानं हळूच धरा. चावू नका बे, तुमचाच हाय!" पोरं हसली. "धरला? आता भुंग्यावानी आवाज काढा." खोलीभर भुंगे झाले. मग तिने सगळ्यांना डोळे मिटायला लावले. बनियनचा वेस्ट ऐकला की छातीला हात लावायचा, पश्चिमेचा ऐकला की मावळतीच्या खिडकीकडे बोट करायचं.

कोणाचंही चुकलं नाही.

मी उठले आणि पाठ थांबवला. वर्गासमोर तिला म्हटलं, "शिक्षिकेने मराठीचे किती शब्द वापरले ते आधी सांग." ती म्हणाली, "मोजले न्हाईत, मावशी." वर्गात मावशी! मी तिला तिथेच इंग्रजीतून माफी मागायला लावली, पोरांची. तिचा आवाज फुटेना, म्हणून पुन्हा मागायला लावली. पुढच्या बाकावरची एक पोरगी रडायला लागली तेव्हा विजयसिंह म्हणाले, "मॅडम, ऱ्हाऊ द्या आता."

तू विचारशील, एवढं कशासाठी? नियम नियम असतो म्हणून. तुला हे उत्तर पुरेसं वाटणार नाही, माहीत आहे.

नंतर चहाला विजयसिंह मला म्हणाले, "मॅडम, पोरगी हिरा हाय. तुमच्याच हाताखालची ना? शिकवणं काही तुमच्यासारखं वाटलं न्हाई." हे ते कौतुकाने म्हणाले. मोठा माणूस, मोठ्याने हसणारा. मग म्हणाले, "बरं झालं. ही आली तर तुम्हाला कावून तरास द्यायचा? लई वर्षं राबलात, आता आराम करा."

तुला सांगायचं राहिलं. जूनपासून त्या शाळेत इंग्रजीची प्रमुख म्हणून मी जाणार होते. दिवाळीतच बोलणं झालं होतं. मला ना मूल, ना दुकान, ना सून. निवृत्तीनंतर या दोन खोल्यांत मी कोणाचे उच्चार सुधारायचे, कावेरी? भिंतीचे?

दुसऱ्या दिवशी मी त्याच पाचवीवर गेले, आकृती घेऊन. शिकवण्याआधी त्यांना काय येतं ते तपासलं. दोन्ही वेस्ट म्हणाली पोरं, जसे हवेत तसे. माझ्याकडे शिकून गेलेले कितीतरी मास्तर आज पगार घेतात, त्यांना हे येत नाही. एकाने विचारलं, "त्या भुंग्याच्या मॅडम कवा येणार?" मी म्हटलं, "त्या नापास झाल्या." तो म्हणाला, "कावून? आमाला तर आलं!" मी त्याला उभा केला तो तास संपेपर्यंत.

तेव्हा गुण अजून माझ्या हातात होते, हे तुझ्यापासून लपवत नाही. प्राचार्य स्वतः माझ्या खोलीत आले होते. म्हणाले, "बाई, पाठ चांगला झाला असं सगळेच म्हणतात. थोडं सांभाळून घ्या." मी त्यांच्यासमोर आकडा लिहिला. शुक्रवारपर्यंत बोल म्हणतेस, पण कागद मी कालच विद्यापीठाकडे रवाना केले. तुझी चिठ्ठी काल आली असती तरी तेच केलं असतं. काल संध्याकाळी विजयसिंहांचा फोन आला. नापास झालेली मुलगी त्यांच्या संस्थेला ठेवता येत नाही. "मग तुमीच या, मॅडम," म्हणाले. या वेळी हसले नाहीत. मी हो म्हटलं.

विश्वेश्वर काही वाईट मुलगा नाही. खता-बियाण्यांचं दुकान आहे, घर पक्कं आहे, सासू अंथरुणाला खिळलेली आहे. त्या घरात इंग्रजीचं काही अडणार नाही. स्वप्नाली पुढच्या वर्षी परीक्षेला पुन्हा बसू शकते. बसू दिलं तर.

शनिवारी मी तिला स्टँडवर सोडायला गेले होते, एवढं तरी तिने सांगितलं असेल. गाडीला वेळ होता. ती भांडली नाही, रडली नाही. पाया पडली आणि सरळ उभी राहून इंग्रजीत म्हणाली, की मावशी, तुम्ही माझ्यासाठी घेतलेल्या कष्टांची मला कायम आठवण राहील. एक लांबलचक, पूर्ण वाक्य. श्वास जिथे हवा तिथे होता, दोन्ही 'व' वेगळे, जोर नेमक्या शब्दांवर. माझ्या साऱ्या नोकरीत एवढं शुद्ध वाक्य मी विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मी म्हटलं, "चुकलं. परत म्हण."

तिने परत म्हटलं, तितकंच बरोबर. मी पुन्हा चुकलं म्हटलं. लोक बघत होते. तिसऱ्यांदा ती अडखळली, आणि मग अडखळतच राहिली, अगदी पहिल्या शब्दापासून. चौसाळ्याची गाडी लागली तेव्हा खिडकीतून विचारत होती, "कुठं चुकलं, मावशी? तेवढं तरी सांगा." मी सांगितलं नाही.

ती तुलाही विचारेल. तुला त्यातलं काही कळत नाही, तेव्हा तू गप्प राहा. साखरपुड्याला मी येते, मानाची साडी मात्र घेऊ नका. आणि तिला म्हणावं, सराव सोडू नकोस.

तुझी थोरली,
दानम्मा