आबांच्या रक्तातला आकडा

सोमवार, १९ जानेवारी १९९८

आबा बोलले! सकाळी डोळे उघडले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "सारजे, तुझी एक चप्पल कुठं हाय?" खरंच की, एक पाय कालपासून अनवाणीच होता. माझं लक्षच नव्हतं.

काल काय झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगेन. आबांचे डोळे तपासायचे म्हणून त्यांना लूनावर मागं बसवून सणसरहून बारामतीला आणत होते. गाडी मी चालवत होते. काटेवाडीच्या अलीकडं उसाची ट्रॉली लागली, पुढं काढायची घाई मलाच झाली. बाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, फटका बसला आणि दोघंही रस्त्यावर. आबांचं डोकं डांबरावर आपटलं. चार हाका मारल्या तरी ओ नाही! मीही पडले, पण मला काय झालंय — कोपर खरचटलं, कानामागं टेंगूळ आलं, बस्स. बारामतीच्या डॉक्टरांनी हातसुद्धा न लावता पुण्याला पाठवलं, मेंदूच्या स्कॅनसाठी.

स्कॅन स्वच्छ आहे. हाड मोडलं नाही, आत रक्त साचलं नाही.

तिथं केयूर म्हणून एक पोरसवदा डॉक्टर आहे, डोक्याला मार लागलेल्यांच्या रक्ताचा अभ्यास करतोय. म्हणाला, फोटोत फुटलेलं, साचलेलं तेवढंच दिसतं. मेंदूतल्या पेशी नुसत्या दुखावल्या तर फोटो कोराच येतो. पण दुखावलेल्या पेशींतलं एक प्रथिन रक्तात पाझरतं, ते मोजता येतं. त्यासाठी आबांची एक नळी घेतली. तुलनेला धडधाकट माणसाची एक नळी त्याच दिवशीची हवी होती. मी म्हटलं, माझं घ्या! बारामतीच्या लॅबमध्ये अकरा वर्षं तेच चाललंय — नवीन मशीन आलं, नवीन रसायन आलं की 'नॉर्मल' म्हणून रक्त जातं ते माझं. इंदिरा मॅडम तर म्हणतात, सारजा म्हणजे आपल्या लॅबची फूटपट्टी. "काही आजार?" त्यानं विचारलं. "साधी सर्दीसुद्धा नाही," मी म्हटलं आणि बाही वर केली. दुसऱ्या हाताची. खरचटलेलं कोपर उगाच कशाला दाखवायचं?

पन्नास जणांचं रक्त जमलं की एकदम तपासणार. तोवर गोठवून ठेवणार. म्हणजे एप्रिल उजाडेल.

सोमवार, २६ जानेवारी

आबा सणसरला, घरी. मल्हारनं स्कॅनची फिल्म उन्हाला धरून अख्ख्या आळीला दाखवली. "बघा, आमच्या आबांच्या डोस्क्यात कायबी न्हाय!" आळी खो खो हसली. एरवी आबा सगळ्यांत आधी हसले असते. माझ्या या धाकट्या भावाची असली वाक्यं म्हणजे त्यांच्या जिवाचा विरंगुळा. आज हसले नाहीत. माझ्याकडं बघत बसले.

रविवार, १ फेब्रुवारी

सणसरला जाऊन आले. कारखाना जोरात आहे, धुराडं धूर ओकतंय, पण तो मळीचा वास काही आला नाही. पूर्वी एसटी फाट्याला यायच्या आत नाकात शिरायचा. शहरातले पाहुणे पदर लावायचे नाकाला, मी मात्र छाती भरून घ्यायची — आलं घर! आता काहीतरी नवीन यंत्र बसवलं असेल. सुधारणा!

आबा झोपले होते. त्यांचं घोंगडं ओढून घेतलं अंगावर, लहानपणी घ्यायचे तसं. दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचो. मी सहा वर्षांची असेन. दमले की आबा मला घोड्यावर सामानात बसवायचे आणि मांडीत एक ओलं कोकरू द्यायचे, "धर, तुझं तू संभाळ." तळावर पोचलं की या घोंगड्यात मी, कोकरू आणि आबा. लोकर, धूर, दूध, आबांची तंबाखू, सगळं मिळून एक वास. मला वाटायचं, जगात याला तोड नाही. कॅनॉलचं पाणी वाढलं, ऊस आला, मेंढरं विकली, तरी घोंगड्यात तो वास होता. दिवाळीला तर होता! आज नाही. आईला म्हटलं, धुतलंस का? "घोंगडं कोन धुतं गं?" म्हणाली. काय काय हरवत चाललंय. फार वाईट वाटलं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

वैष्णवीचं पत्र! बहीण इंदापूरच्या शाळेत कायम झाली. लॅबमध्ये पेढे वाटले.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आबा बारामतीत माझ्या खोलीवर राहायला आले. बोलावलं नव्हतं. पाच मैलांवर कुणाच्या घरी मुक्काम म्हटला तर नाक मुरडणारा माणूस! सकाळी माझ्याबरोबर चालत लॅबला येतो, बाहेरच्या बाकावर बसतो, संध्याकाळी माझ्याबरोबर परत. पेशंट विचारतात, म्हातारबाबांचं कशाचं रक्त तपासायचंय?

आणि एक नवीनच. मी काही विचारलं की म्हणतात, "आत्ताच सांगितलं की गं." कधी सांगितलं? सांगितलंच नाही! सांगितल्याचं त्यांना नुसतं वाटतं. डॉ. केयूर म्हणाला होता तेच हे — फोटो कोरा, आत दुखापत. मी केलं हे. घाई मी केली.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

वैष्णवीचं पत्र! इंदापूरच्या शाळेत कायम झाली पोरगी. पेढे नेले लॅबमध्ये. मॅडमनी घेतला, पण हातातच धरून ठेवला. नुसत्या बघत राहिल्या. आपल्या आनंदात लोकांना आनंद नसतो, हेच खरं.

रविवार, १ मार्च

आबा आणि मी सणसरला गेलो होतो. आईनं हुलग्याचं माडगं केलं होतं. पाणी! नुसतं गरम पाणी! मी तोंडावर बोलले — हाताची चव गेली तुझी. असं मी कधी बोलले नव्हते. तिनं पदर डोळ्याला लावला. मल्हार म्हणाला, "आक्का, आमी समदी वाटी चाटून खाल्ली की." हे हल्ली सगळे एकमेकांची बाजू घेतात.

ते माडगं आठवतं. तळावर तीन दगडांच्या चुलीवर आई ढवळत असायची आणि लसणाचा वास मेंढरांच्याही पलीकडं जायचा. आबा लांबून ओरडायचे, "तानूबाई, आलो गं, खरवड ठेव!" मी आणि आबा एकाच ताटलीत खरवडीसाठी भांडायचो. तो आबा कुठं गेला? आज ताटावर बसून माझा घास मोजत होता.

रविवार, ८ मार्च

भांडण झालं. मोठं.

लूनाची चावी मिळेना. सगळी खोली पालथी घातली. आबांना विचारलं, तर म्हणाले, "म्हाईत न्हाय." आणि बंडीच्या खिशात खुळखुळत होती! आबा खोटं बोलले. साठ वर्षांत माणूस मेंढरांच्या बाजारातसुद्धा खोटं बोलला नाही. लंगडी शेळी लंगडीच म्हणून विकायचा, व्यापारी हसायचे. मी ओरडले. फार ओरडले. डोकं ठणकत होतं, ते हल्ली ठणकतंच. मायक्रोस्कोपमध्ये दिवसभर डोळे घातल्यावर दुसरं काय होणार?

आबा शांतपणे म्हणाले, "सारजे, तुझंबी डोस्कं दाखव की त्या डागतरला." घ्या! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मला रडूच आलं. मला शहाणं करायचं म्हणून शाळेत घालणारे आबा, लॅबमध्ये पहिल्यांदा रक्ताचा थेंब काचेखाली बघून "ह्येबी मेंढरावानी कळपानंच ऱ्हातंय की!" म्हणणारे आबा, हे असं बोलायला लागले. माझ्या आबांना मी काटेवाडीच्या त्या रस्त्यावर सोडून आले आणि घरी कुणीतरी दुसराच माणूस आणला. पुन्हा ते मिळणार नाहीत, एवढीच भीती वाटते. दुसऱ्या कशाचीही नाही.

गुरुवार, १९ मार्च

मॅडम माझे रिपोर्ट दुसऱ्यांदा तपासतात. माझे! पेशी मोजायला या गावात मी शिकवलंय निम्म्या पोरींना. राजीनामा देईन एखाद्या दिवशी.

बुधवार, २५ मार्च

आज आबांनी केस विंचरले माझे. आपणहून फणी घेतली हातात. बाकी काही झालं नाही.

शनिवार, ४ एप्रिल

डॉ. केयूरचे पन्नास जण झाले. सोमवारी फोन करणार म्हणाला. आकडा वाढलेला निघाला, तर आबांना काय सांगू? "मी केलं," एवढंच. कारण मीच केलं ना.

सोमवार, ६ एप्रिल

लॅबवर फोन आला. आबांचा आकडा अगदी कमी. मेंदूला काही झालेलं नाही. मी "देवा!" म्हणून खालीच बसले. मग डॉ. केयूर म्हणाला, "तुलनेला घेतलेल्या नळीतला आकडा मात्र तिपटीनं वाढलाय. ती तुमची. त्या दिवशी तुम्हीही पडला होतात का?"

बाहेर येऊन बाकावर आबांशेजारी बसले. त्यांना सांगितलं.

"म्हाईत हाय, पोरी," आबा म्हणाले. "तुझी चप्पल इचारली त्या दिसापासनं म्हाईत हाय. म्हनून तर हितं बसतोय."