उसावरचं विमान

शिरोळ, भाद्रपद १९६९

दादा,

उसावर औषध मारायला परवा विमान आलं. जनावरं आत बांधा, हिरी झाका, कुणी भाईर थांबू नगा, अशी दवंडी झालती. आण्णा तेवढं बांधावर हुभं ऱ्हायलं आन् औषधानं भिजून आलं. मी वरडले, तर म्हणालं, "आमचा कृष्णात नुसत्या आवाजावरनं इंजिन वळखायचा की गं."

उसाला पाणी पाजायचं सोडून तू उजळाईवाडीला डाकोटा विमान बघायला गेलतास, म्हणून तुला घराभाईर काढणारं हेच आण्णा!

तुला कळवू नगं म्हणून त्यांनी गळ्याची शपथ घातलीया. पत्र ट्रंकेतच ऱ्हाणार.

आज परत घरघर आलीया. आण्णांनी म्हशी आत बांधल्या, हिरीवर ताडपत्री घातली, आन् मी अडवीन म्हणून दाराला भाईरनं कडी लावली.

तुझी धाकटी,
हौसा