अर्जातले मेलेले

उत्तर जॉर्जिया,
ता. १० नोव्हेंबर १९९७

सौ. (की आता श्रीमती?) बाल्विना हिस, लिसांद्रोचे आशीर्वाद. वि. वि.

तेरा महिन्यांनी लिहितो आहे, हे मला ठाऊक आहे. त्याचं नंतर बोलू. आधी हे सांग, मला मारलं कुणी?

काल इथल्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये गेलो होतो. प्रार्थनेनंतर फुकट कॉफी मिळते, म्हणून कोंबड्यांच्या कारखान्यातले आम्ही चार-पाच जण जातो. कॉफीच्या टेबलामागे भिंतीवर मुलांचे फोटो लावलेत, आणि त्यांत आपली इर्मा. अनवाणी, कुणाच्या तरी खोपटापुढे उभी. खालच्या इंग्रजी ओळी सामुएलने, माझ्याबरोबरच्या साल्वादोरच्या पोराने, वाचून दाखवल्या. वय बारा, गाव पाशुलूम, बाप मेला, आई विणून पोट भरते. मी हातात कप धरून स्वतःच्या मरणाची बातमी ऐकत होतो. शेजारच्या म्हातारीने फोटोवरून हात फिरवला, बिचारी म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. तीच इर्माला मदत पाठवते म्हणे.

आठवड्यापूर्वीच मृतांचा दिवस झाला. माझ्या नावाने झेंडू वाहिलास का? आपलं घर विटांचं आहे, मी बांधलंय. मग ते खोपट कुणाचं? बाप जिवंत असताना माझ्या लेकीला पोरकी म्हणून भिंतीवर टांगायची परवानगी कुणी दिली?

आईला नमस्कार. इर्माला यातलं काही सांगू नकोस.

अजून श्वास घेणारा तुझा,
लिसांद्रो

पाशुलूम,
ता. ३० नोव्हेंबर १९९७

श्री. लिसांद्रो यांस, बाल्विनाचा सा. न. वि. वि.

सौ. की श्रीमती, हे मीच तेरा महिने स्वतःला विचारतेय. इर्माला सांगू नकोस म्हणता. घरात वाचता कुणाला येतं? हेही तीच लिहितेय, मी सांगते तसं. शब्द गाळायचा नाही अशी तंबी दिली आहे.

तुम्हांला कुणी मारलं ते ऐका. मदत देणाऱ्या संस्थेच्या नोएमीबाई शाळेत अर्ज घेऊन आल्या. बापापुढे तीन रकाने होते, घरी आहे, टाकून गेला, मेला. मी म्हटलं, सीमेपलीकडे उत्तरेला कामाला गेलेत. तसा रकाना नाही म्हणाल्या. पत्र येतं का, निरोप येतो का, विचारलं. नाही म्हटलं. मग टाकून गेला असं लिहू का म्हणाल्या, तेव्हा मी म्हटलं, खबरदार, माझा नवरा तसा नाही. त्यांनी तिसऱ्या रकान्यात फुली मारली आणि माझा अंगठा घेतला.

फुली कुठे पडली ते वाटेत इर्माने सांगितलं. परत जाऊन खोडायला लावणार होते. तोवर वह्या आल्या, बूट आले, तुमच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मक्याचं पोतं येऊ लागलं. मक्यासाठी नवऱ्याला मेलेलं राहू दिलं, आणि मला त्याची लाज नाही. राग आहे. फोटोच्या दिवशी त्यांनीच दिलेले बूट त्यांनीच काढायला लावले. आपलं घर फार बरं दिसतं म्हणून शेजारच्यांच्या डुकरांच्या खोपटापुढे पोरीला उभं केलं. हसायचं नाही, असंही बजावलं. मी बघत राहिले.

झेंडू वाहिला नाही. तेवढं मनाने मानलं नव्हतं. आता तुम्ही सांगा, होतात कुठे?

रागावायचं तर रागवा, पण लिहून रागवा.

बाल्विना

पाशुलूम,
ता. १३ डिसेंबर १९९७

ती. बाबांस, इर्माचा नमस्कार.

हे आईला न सांगता लिहितेय. मदत पाठवणाऱ्यांना आम्हांला दर तीन महिन्यांनी पत्र लिहावं लागतं. नोएमीबाई फळ्यावर लिहितात, आम्ही उतरवतो. माझ्यासाठी एक ओळ जास्त असते, की माझे बाबा देवाघरी आहेत. ती मी दोनदा लिहिलीय, छान अक्षरात.

काल नाताळच्या पत्रांसाठी सुट्टीतही बोलावलं होतं. मी लिहिलं, माझे बाबा तुमच्याच चर्चमध्ये कॉफी पितात, त्यांच्या डाव्या भुवईवर व्रण आहे, शोधा. बाईंनी कागद फाडला. दुसऱ्यावर तेच लिहिलं. तोही फाडला आणि म्हणाल्या, मदतीच्या यादीतून नाव कमी झालं तर आजीच्या औषधाचं तूच बघ. तिसऱ्या कागदावर मी फळ्यावरचं उतरवलं.

मला तुमचा राग येतो, आईचा येतो, आणि सगळ्यांत जास्त माझ्या छान अक्षराचा. तुम्ही तिथेच आहात. तुम्हांला कुणी फाडू शकत नाही. सांगा त्यांना. बूट जातील, मका जाईल. विचार करून लिहितेय. सांगणार नसाल तर मला पत्र पाठवू नका.

इर्मा

उत्तर जॉर्जिया,
ता. ५ जानेवारी १९९८

सौ. बाल्विना आणि चि. इर्मा यांना आशीर्वाद.

आधी कुठे होतो ते. कारखान्यातल्या पात्याखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली. लगेच कामावरून काढलं. कागदपत्रं नसलेल्याने दाद मागायची कुणाकडे? पाठवायला काही नाही, तर लिहायलाही काही नाही, असं धरून बसलो. उन्हाळ्यात दुसऱ्या कारखान्याने घेतलं, तरी लाजेने लिहिलं नाही.

इर्माचं पत्र खिशात घालून गेल्या रविवारी नुसता कॉफी पिऊन परतलो. पोलीस बोलावतील याची भीती. काल सामुएलला म्हटलं, मी बोलेन तसंच इंग्रजीत सांग, गोड करू नकोस. फोटोपाशी उभा राहून म्हणालो, ही माझी मुलगी आहे, मी मेलेलो नाही, तुम्ही खाता त्या कोंबड्या मीच कापतो. म्हातारीचा चेहरा लाल झाला. वाटलं, माफी मागेल. ती म्हणाली, तुम्ही लोकांनी मला फसवलं. पाद्र्याने बाप असल्याचा पुरावा मागितला. मी विचारलं, मेल्याचा मागितला होता का? मी फोटो काढून घेतला. तो संस्थेचा आहे म्हणत कुणीतरी हात धरला, तो झटकला. फोटो आता माझ्या उशाशी आहे.

तुमची मदत बंद होईल. मी थोडं थोडं पाठवीन, आणि पाठवायला नसेल तेव्हाही लिहीन.

लिसांद्रो

पाशुलूम,
ता. १ फेब्रुवारी १९९८

श्री. लिसांद्रो यांस, सा. न. वि. वि.

बोटांचं वाचून इर्मा मध्येच थांबली. मी म्हटलं, पुढे वाच. बोटांसाठी रडले, तेरा महिन्यांचं मात्र माफ केलेलं नाही.

नाव कमी झालं. आम्ही खोटं बोललो, अशा कबुलीचा कागद घेऊन नोएमीबाई आल्या. मी इर्माला तो अंगणात, जमलेल्या बायकांसमोर, मोठ्याने वाचायला लावला. मग म्हटलं, रकाने तीनच होते हेही लिहा, मग अंगठा देते. त्या लिहीनात, मी देईना. जाताना त्यांचे डोळे भरले, वरून हुकूम येतात म्हणाल्या. मला दया आली नाही. इर्माने बूट त्यांच्या हातात दिले. आता चपला घालून शाळेत जाते. मका बंद झालाय. आईंचे डोळ्यांत घालायचे थेंब संपलेत, ते आधी पाठवा.

ते ऐकून बायका आपापलं सांगू लागल्या, आणि कळलं की यादीतले आणखी सात मेलेले नवरे उत्तरेला कामाला आहेत. काल त्या सातजणींना घेऊन मी संस्थेच्या शहरातल्या कचेरीत गेले. साहेबांनी काय हवं ते विचारलं. पलीकडच्या गल्लीतली तोमासा म्हणाली, नवरे जिवंत करून हवेत. साहेब म्हणाले, मग नावं कमी होतील. दोघी उठून गेल्या. त्यांची पोरं तान्ही आहेत, मी त्यांना बोल लावणार नाही. पाचजणी बाकावर बसून राहिल्या. साहेबांना जेवायला जायचं होतं, तरी हलल्या नाहीत. शेवटी त्यांनी पेन उघडलं आणि पाचही फुल्या खोडल्या. परतताना बसमध्ये पुढच्या महिन्याच्या मक्याचा हिशेब चालला होता. काय गमावलं ते सगळ्यांना कळत होतं.

तोमासाच्या नवऱ्याचा आज फोन यायचा आहे. आपण दीड वर्ष मेलेले होतो, हे त्याला अजून माहीत नाही. तिने मला सोबत बोलावलंय. तो रडला तर फोन मी घ्यायचा. शिव्या द्यायला लागला, तर ती एकटी पुरे आहे.

पत्र थांबवू नका.

सौ. बाल्विना